माळढोक आणि विजेच्या तारा : निकालानंतर पुढे काय?

जयपूर - राजस्थानचा राज्यपक्षी असलेल्या माळढोकच्या भवितव्याशी निगडित खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९ डिसेंबर २०२५ रोजी महत्त्वपूर्ण निकाल दिला. न्यायमूर्ती पी. एस. नरसिंह आणि न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांच्या खंडपीठाने तज्ज्ञ समितीच्या शिफारशी स्वीकारून राजस्थानातील १४,०१३ चौरस किलोमीटर आणि गुजरातमधील ७४० चौरस किलोमीटर प्रदेश या पक्ष्यासाठी प्राधान्यक्षेत्र म्हणून निश्चित केला. या क्षेत्रात नव्या पवनचक्क्या आणि दोन मेगावॉटपेक्षा अधिक क्षमतेचे नवे सौरप्रकल्प उभारण्यास मनाई करण्यात आली. नव्या वीजवाहिन्यांवरही कठोर निर्बंध घालण्यात आले.

राजस्थानात 'गोडावण' आणि महाराष्ट्रात 'माळढोक' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पक्ष्याची निसर्गातील संख्या दीडशेच्या आसपास आली आहे. एकेकाळी देशातील अकरा राज्यांच्या माळरानांवर वावरणारी ही प्रजाती आता प्रामुख्याने जैसलमेर जिल्ह्याच्या आश्रयाने टिकून आहे. स्वच्छ ऊर्जेची राष्ट्रीय गरज आणि एका प्रजातीचे अस्तित्व यांच्यातील तिढा सोडवण्याचा प्रयत्न न्यायालयाने केला आहे. मात्र निकालाने प्रश्न संपलेला नाही. तो आता न्यायालयाच्या दालनातून पुन्हा प्रशासनाच्या अंगणात आला आहे.

घटत्या संख्येचा आलेख

माळढोकच्या संख्येचा पहिला व्यापक अंदाज १९६९ मध्ये आर. एस. धर्मकुमारसिंहजी यांनी मांडला. त्या वेळी देशात सुमारे १,२६० पक्षी असावेत, असा त्यांचा अंदाज होता. २००१ च्या सुमारास ही संख्या ६०० वर आणि २००८ च्या सुमारास ३०० वर आल्याचे अभ्यासकांनी नोंदवले. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने २०१७-१८ मध्ये थरच्या वाळवंटात केलेल्या पाहणीत सुमारे १२८ पक्षी असल्याचा अंदाज व्यक्त करण्यात आला. गुजरात, महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र प्रदेश या राज्यांत मिळून बोटांवर मोजण्याइतकेच पक्षी शिल्लक असल्याचे तेव्हा दिसून आले.

म्हणजे पन्नास वर्षांत या प्रजातीने आपली जवळजवळ नव्वद टक्के संख्या गमावली. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०११ मध्ये माळढोकला 'अतिसंकटग्रस्त' या वर्गात टाकले. निसर्गातून नामशेष होण्याच्या आधीची ही अखेरची पायरी समजली जाते. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या बरोबरीने, या पक्ष्याला स्थान आहे. गांधीनगर येथे फेब्रुवारी २०२० मध्ये भरलेल्या स्थलांतरित प्रजातींविषयीच्या आंतरराष्ट्रीय परिषदेतही त्याला सर्वोच्च संरक्षणाच्या यादीत समाविष्ट करण्यात आले. कागदोपत्री संरक्षणाची कमतरता कधीच नव्हती. तरीही संख्या घटतच गेली, हा या कहाणीतील सर्वाधिक विचार करायला लावणारा भाग आहे.

गुजरातची स्थिती विशेष चिंताजनक आहे. कच्छमधील नलिया परिसरात माळढोकसाठी राखलेले अभयारण्य अवघ्या दोन चौरस किलोमीटरचे आहे. २०१८ च्या अखेरीस तेथील शेवटचा नर दिसेनासा झाला आणि मागे केवळ काही माद्या उरल्या.

संथ प्रजननाचा पक्षी

ही घसरण समजून घेण्यासाठी पक्ष्याची जीवनपद्धती लक्षात घेणे आवश्यक आहे. माळढोक हा उडू शकणाऱ्या जगातील सर्वांत वजनदार पक्ष्यांपैकी एक आहे. पूर्ण वाढलेल्या नराची उंची सुमारे एक मीटर, तर वजन १५ किलोपर्यंत भरू शकते. तो झाडावर बसत नाही. खुल्या गवताळ प्रदेशात चालत फिरतो. टोळ, भुंगेरे, सरडे, बोरे आणि धान्याचे दाणे हे त्याचे अन्न आहे.

विणीच्या हंगामात नर ठरावीक जागी गळ्याची पिशवी फुगवून, खोल घुमणारा आवाज काढून माद्यांना आकर्षित करतो. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. ते सुमारे चार आठवडे उबवण्याची आणि त्यानंतर पिलाला वाढवण्याची जबाबदारी ती एकटीच पार पाडते. मादी प्रजननक्षम होण्यास तीन ते चार वर्षे, तर नर सक्षम होण्यास त्याहून अधिक काळ लागतो. कोल्हे, मुंगूस, घोरपड, कावळे आणि अलीकडच्या काळात गावांभोवती वाढलेली मोकाट कुत्री यांपासून जमिनीवरचे अंडे वाचवणे तिला अवघड जाते.

अशा पक्ष्याचा टिकाव प्रौढ पक्ष्यांच्या दीर्घायुष्यावर अवलंबून असतो. चिमणी किंवा तितर यांच्या बाबतीत एका वर्षीचे नुकसान पुढच्या वर्षीच्या विणीतून भरून निघते. माळढोकच्या बाबतीत तसे होत नाही. मरण पावलेल्या एका प्रौढ मादीची जागा भरून निघण्यास अनेक वर्षे लागतात. त्यामुळे दरवर्षी मरणाऱ्या प्रौढांची संख्या थोडीशी वाढली, तरी सगळे गणित उलटे फिरते.

आकाशातील अदृश्य सापळा

विजेच्या तारांनी नेमके हेच घडवले. माळढोकचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. त्यामुळे त्याला आजूबाजूचे विस्तीर्ण क्षेत्र दिसते, शत्रूची चाहूल लवकर लागते. परंतु समोरची दृष्टी मर्यादित राहते. उडताना तो मान किंचित खाली घालून जमिनीकडे पाहतो, तेव्हा पुढचा भाग जवळजवळ नजरेआड होतो. समोर तार आहे हे अगदी जवळ गेल्यावर लक्षात आले, तरी एवढे वजन घेऊन त्याला चटकन दिशा बदलता येत नाही. तारेचा धक्का न बसता केवळ आदळण्यानेच पक्षी मरतो. म्हणूनच तारांवर आवरण चढवण्याचा उपाय येथे पुरेसा ठरत नाही.

भारतीय वन्यजीव संस्थेने थरच्या वाळवंटात ८० किलोमीटर लांबीच्या वीजवाहिन्यांखाली वर्षभरात सात वेळा पाहणी केली. त्यात सुमारे ४० प्रजातींच्या २८९ पक्ष्यांचे अवशेष आढळले. या नोंदींच्या आधारे, सुमारे ४,२०० चौरस किलोमीटरच्या माळढोक क्षेत्रात दरवर्षी सर्व प्रजातींचे मिळून ८४ हजार पक्षी तारांमुळे मरत असावेत, असा अंदाज संस्थेने मांडला. माळढोकपुरता हा आकडा वर्षाला सुमारे १८ असा होता. एकूण संख्या सव्वाशेच्या घरात असताना दरवर्षी १८ प्रौढ पक्षी गमावणे याचा अर्थ स्पष्ट आहे. अन्य सर्व धोके दूर झाले, तरी केवळ या एका कारणाने प्रजाती संपुष्टात येऊ शकते, असा इशारा संस्थेने दिला होता.

तारांचे जाळे येथे येण्याची कारणेही तितकीच वास्तविक आहेत. पश्चिम राजस्थानात वर्षातील बहुतेक दिवस निरभ्र आकाश, प्रखर सूर्यप्रकाश, चांगला वारा आणि विरळ लोकवस्ती आहे. सौरऊर्जेच्या स्थापित क्षमतेत राजस्थान देशात अग्रस्थानी आहे. जोधपूर विभागातील भडला येथील सौरप्रकल्प जगातील मोठ्या सौरप्रकल्पांमध्ये गणला जातो. २०३० पर्यंत जीवाश्म इंधनाव्यतिरिक्त अन्य स्रोतांतून ५०० गिगावॉट क्षमता उभारण्याचे उद्दिष्ट भारताने २०२१ मध्ये ग्लासगो परिषदेत जाहीर केले. त्याची पूर्तता राजस्थान आणि गुजरातला वगळून होणे कठीण आहे. परंतु वाळवंटात निर्माण होणारी वीज शहरांपर्यंत पोहोचवायची, तर वाहिन्या लागतात आणि या वाहिन्या माळढोकच्या उड्डाणमार्गातूनच जातात.

जयपूर आणि गोडावण

या पक्ष्याच्या संवर्धनाच्या इतिहासात जयपूरला विशेष स्थान आहे. १९७८-७९ च्या हिवाळ्यात जैसलमेर परिसरात अरब पाहुणे ससाण्यांच्या साहाय्याने शिकारीसाठी आले होते. त्यांचे मुख्य लक्ष्य स्थलांतर करून येणारा 'होबारा' हा माळढोकच्या कुळातील पक्षी असला, तरी गोडावणलाही धोका असल्याची भावना निर्माण झाली. त्याविरुद्ध राजस्थानात तीव्र पडसाद उमटले आणि जयपुरात निदर्शने झाली. वाळवंटातील एका पक्ष्यासाठी शहरातील नागरिक रस्त्यावर उतरल्याचे हे त्या काळातील विरळा उदाहरण होते.

पुढच्याच वर्षी, १९८० मध्ये, जयपूर येथे माळढोकवर्गीय पक्ष्यांविषयी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. टपाल खात्याने त्या वर्षी माळढोकचे तिकीट काढले. १९८१ मध्ये राजस्थान सरकारने गोडावणला राज्यपक्षी घोषित केले. याच सुमारास जैसलमेर आणि बाडमेर जिल्ह्यांतील ३,१६२ चौरस किलोमीटरचा प्रदेश 'डेझर्ट नॅशनल पार्क' या नावाने राखून ठेवण्यात आला. त्याआधी, १९६० च्या दशकात, राष्ट्रीय पक्ष्याची निवड होत असताना ज्येष्ठ पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांनी माळढोकचे नाव पुढे केले होते. प्रत्यक्षात १९६३ मध्ये हा मान मोराला मिळाला. संकटात असलेल्या पक्ष्याकडे देशाचे लक्ष वेधावे, हा डॉ. अली यांच्या सूचनेमागील हेतू होता.

५ जून २०१३ रोजी, जागतिक पर्यावरण दिनी, राजस्थान सरकारने 'प्रोजेक्ट ग्रेट इंडियन बस्टर्ड' या नावाने स्वतंत्र योजना सुरू केली. एखाद्या राज्याने या पक्ष्यासाठी आखलेला तो पहिला मोठा कार्यक्रम होता. सुदासरीसारख्या ठिकाणी कुंपण घालून गवताळ क्षेत्रे राखण्यात आली आणि तेथे विणीला काही प्रमाणात यश आले. पोखरणचा लष्करी सराव प्रदेश हे या पक्ष्याचे दुसरे प्रमुख आश्रयस्थान ठरले. सामान्य माणसाला मज्जाव असल्याने तेथील गवत आणि एकांत टिकून राहिला. मात्र कुंपणाच्या आत सुरक्षित असलेला पक्षी कुंपणाबाहेर उडाल्यावर तारांना धडकतो, ही बाब कोणत्याही योजनेला रोखता आली नाही.

न्यायालयीन लढ्याचे तीन टप्पे

वन्यजीव संरक्षण कायद्याच्या जडणघडणीत प्रमुख वाटा असलेले निवृत्त सनदी अधिकारी एम. के. रणजितसिंह आणि अन्य काहींनी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. तिच्यावर तीन महत्त्वाचे आदेश झाले.

पहिला आदेश १९ एप्रिल २०२१ रोजी आला. तत्कालीन सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या अध्यक्षतेखालील खंडपीठाने माळढोकच्या प्राधान्य आणि संभाव्य क्षेत्रातील कमी दाबाच्या वाहिन्या भूमिगत करण्याचे, तसेच उच्च दाबाच्या वाहिन्या शक्य असेल तेथे भूमिगत करण्याचे निर्देश दिले. हे क्षेत्र सुमारे ९९ हजार चौरस किलोमीटरचे होते. केंद्र सरकारने त्याला हरकत घेतली. उच्च दाबाच्या वाहिन्या इतक्या लांब अंतरावर जमिनीखालून नेणे तांत्रिकदृष्ट्या अवघड आणि अतिशय खर्चिक आहे, शिवाय यामुळे देशाची हवामानविषयक उद्दिष्टे धोक्यात येतील, असा युक्तिवाद करण्यात आला.

दुसरा टप्पा २१ मार्च २०२४ चा. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने आधीच्या आदेशात बदल करून सरसकट बंदी मागे घेतली आणि तज्ज्ञ समिती नेमली. याच निकालात हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क राज्यघटनेच्या १४ व्या आणि २१ व्या अनुच्छेदांत अंतर्भूत असल्याचे न्यायालयाने मान्य केले. माळढोकच्या संरक्षणासाठी दाखल झालेल्या याचिकेतून नागरिकांना हवामानाशी निगडित हक्क मिळाला, परंतु माळढोकला मिळालेले क्षेत्र आक्रसले, असा हा काहीसा विरोधाभासी निकाल होता.

डिसेंबर २०२५ चा निकाल हा तिसरा टप्पा. त्यात ९९ हजारांऐवजी सुमारे १५ हजार चौरस किलोमीटरच्या क्षेत्रावर लक्ष केंद्रित करण्यात आले. या क्षेत्रातील निवडक वाहिन्या भूमिगत करणे वा त्यांचे मार्ग बदलणे, तसेच नव्या वाहिन्यांसाठी ठरावीक मार्गिका आखून देणे असे उपाय सुचवण्यात आले असून प्रमुख कामांसाठी दोन वर्षांची मुदत घालण्यात आली. कंपन्यांच्या सामाजिक दायित्वात पर्यावरणाविषयीच्या दायित्वाचाही समावेश होतो, असे न्यायालयाने स्पष्ट केले. ज्यांच्या व्यवसायामुळे प्रजातीला धोका पोहोचतो, त्यांनी तिच्या पुनरुज्जीवनाचा भार उचलला पाहिजे, हे तत्त्व त्यातून अधोरेखित होते.

या निकालाकडे दोन बाजूंनी पाहता येते. संरक्षणाचे क्षेत्र मोठ्या प्रमाणात कमी झाले, ही एक बाजू. माळढोक हा दूरवर भटकणारा पक्षी आहे. नकाशावर आखलेली रेषा तो ओळखत नाही आणि पावसाळ्यानंतर अन्नाच्या शोधात तो या क्षेत्राबाहेरही जातो. दुसरी बाजू अशी, की अंमलबजावणीच न झालेल्या ९९ हजार चौरस किलोमीटरच्या आदेशापेक्षा प्रत्यक्षात पाळला जाणारा १५ हजारांचा आदेश अधिक उपयुक्त ठरू शकतो. २०२१ ते २०२५ या काळात या प्रदेशात प्रकल्प आणि वाहिन्या वाढतच गेल्या, हे लक्षात घेता दुसऱ्या युक्तिवादात तथ्य आहे. मात्र तो खरा ठरण्यासाठी दोन वर्षांची मुदत पाळली जाणे ही पूर्वअट आहे.

प्रजनन केंद्रांचे यश

निसर्गातील चित्र निराशाजनक असताना जैसलमेर जिल्ह्यातील सम आणि रामदेवरा येथील प्रजनन केंद्रांनी आशा निर्माण केली आहे. केंद्र सरकार, राजस्थान सरकार आणि भारतीय वन्यजीव संस्था यांच्यातील करारानुसार २०१९ मध्ये निसर्गातून अंडी गोळा करून ती यंत्रात उबवण्यास प्रारंभ झाला. होबाराच्या प्रजननाचा दीर्घ अनुभव असलेल्या अबू धाबीच्या संस्थेचे तांत्रिक साहाय्य त्यासाठी घेण्यात आले. ज्या अरब जगतातील शिकारीविरुद्ध जयपुरात एकेकाळी निदर्शने झाली, तेथील ज्ञानच चार दशकांनी गोडावणच्या मदतीला आले.

अंडी उचलण्याच्या या पद्धतीमागे एक शास्त्रीय आधार आहे. पहिले अंडे हंगामाच्या सुरुवातीला नाहीसे झाले, तर मादी पुन्हा अंडे घालण्याची शक्यता असते. त्यामुळे निसर्गातील विणीवर फारसा परिणाम न होऊ देता केंद्रासाठी पिले मिळवता येतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनाद्वारे माळढोकच्या पिलाचा जन्म झाला. रामदेवरा येथील 'सुदा' नावाच्या नराचे वीर्य सम येथील 'टोनी' नावाच्या मादीसाठी वापरण्यात आले होते. या प्रजातीच्या बाबतीत असा प्रयोग प्रथमच यशस्वी झाला. २०२५ मध्ये केंद्रांतील पक्ष्यांची संख्या पन्नासच्या पुढे गेली.

तथापि, प्रजनन केंद्र हे साधन आहे, साध्य नव्हे. माणसाच्या हातून वाढलेल्या पक्ष्यांना कोल्ह्याची वा कुत्र्याची भीती ठाऊक नसते, अन्न शोधण्याचा सराव नसतो. म्हणून माणसाशी संपर्क न येऊ देता पुढची पिढी वाढवावी लागते आणि तिला टप्प्याटप्प्याने मोकळ्या माळावर सोडावे लागते. त्यानंतरचा प्रश्न अधिक कठीण आहे. सोडलेले पक्षी ज्या आकाशात उडतील, तेथे तारा तशाच असतील तर हा सारा खटाटोप व्यर्थ ठरेल.

अमेरिकेतील 'कॅलिफोर्निया कॉन्डॉर' या गिधाडाचा अनुभव या संदर्भात बोलका आहे. १९८७ मध्ये निसर्गात उरलेला अखेरचा पक्षीही पकडून सर्व २७ पक्षी प्रजनन केंद्रांत ठेवण्यात आले. पुढे ही संख्या ५०० वर गेली आणि अनेक पक्षी निसर्गात परतले. परंतु शिकारीच्या गोळ्यांतील शिशाची विषबाधा हे मूळ कारण पुरते दूर न झाल्याने सोडलेले पक्षी आजही त्याला बळी पडतात. प्रजननाने संख्या वाढते. मृत्यूचे कारण मात्र वेगळ्या उपायांनीच दूर करावे लागते.

महाराष्ट्राचा धडा

माळढोकच्या कहाणीत महाराष्ट्राचा अध्याय इशारा देणारा आहे. सोलापूर जिल्ह्यातील नान्नज परिसरात हे पक्षी असल्याचे १९७० च्या दशकात सोलापूरचे पक्षिनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांच्या पाठपुराव्यामुळे पक्षितज्ज्ञांच्या निदर्शनास आले. १९७९ मध्ये सोलापूर आणि तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांतील तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर क्षेत्र माळढोक अभयारण्य म्हणून जाहीर झाले. राज्यातील सर्वांत मोठे अभयारण्य असा त्याचा लौकिक होता. मात्र त्यातील बहुतांश जमीन खासगी मालकीची होती. अभयारण्याच्या हद्दीत गावे, शेते, रस्ते, बाजारपेठा असे सारे काही आले.

परिणामी जमिनीची खरेदी-विक्री, बिगरशेती परवाने, रस्ते आणि उद्योग यांवर निर्बंध आले. पक्षी कधी न पाहिलेल्या शेतकऱ्यालाही त्याच्या नावाने अडवणूक सोसावी लागली. 'माळढोक' हा शब्द अनेक गावांत अभिमानाऐवजी त्राग्याने उच्चारला जाऊ लागला. प्रदीर्घ वादानंतर अभयारण्याचे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत घटवण्यात आले. तोपर्यंत पक्षी जवळजवळ गेलेला होता. उजनीच्या पाण्याने आलेला ऊस, द्राक्षबागा, माळावर केलेली वृक्षलागवड, वाढती वर्दळ आणि वीजवाहिन्या यांमुळे त्याला लागणारी खुली, गवताळ आणि निवांत जागा तुकड्यातुकड्यांत विभागली गेली. त्याच माळावर काळवीट टिकले, वाढले. माळढोकचे दर्शन मात्र एखाददुसऱ्या पक्ष्यापुरते उरले.

मध्य प्रदेशात याहून विदारक चित्र दिसले. शिवपुरी जिल्ह्यातील करेरा अभयारण्य 'सोनचिडिया'साठी, म्हणजे माळढोकसाठीच, स्थापन झाले होते. 'बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी'चे डॉ. असद रहमानी यांनी १९८० च्या दशकात तेथे या पक्ष्याचा सखोल अभ्यास केला. जमिनींवरील निर्बंधांमुळे तेथेही स्थानिकांचा रोष वाढला आणि १९९० च्या दशकात पक्षी कायमचा नाहीसा झाला. अभयारण्य कागदावर उरले आणि अखेर तेही रद्द करण्यात आले.

या दोन्ही उदाहरणांतून एक बाब स्पष्ट होते. क्षेत्र मोठे असणे म्हणजे संरक्षण असणे नव्हे. स्थानिक समाजाला शत्रू बनवणारे संरक्षण टिकत नाही. जैसलमेरचे चित्र काही अंशी वेगळे आहे, कारण तेथे देवतांच्या नावाने राखलेली 'ओरण' नावाची सामायिक कुरणे आहेत. ओरणातील झाड तोडू नये, जमीन नांगरू नये, हा संकेत पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला. महाराष्ट्रातील देवराई आणि गायरान यांचा मिलाफ असे ओरणाचे वर्णन करता येईल. महसुली दप्तरात मात्र यांतील बऱ्याच जमिनींची नोंद 'पडीक' अशी झाली आणि तीच प्रकल्पांसाठी सहज उपलब्ध ठरली. सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०२४ रोजी दुसऱ्या एका प्रकरणात राजस्थानातील ओरणांचे सर्वेक्षण करून त्यांना वनाचा दर्जा देण्याचे निर्देश दिले. माळढोकच्या दृष्टीने हा आदेशही तितकाच मोलाचा आहे.

स्थानिकांच्या सहभागाचे मोल किती असते, याचे उदाहरण म्हणून पोखरणजवळच्या धोलिया गावचे राधेश्याम बिश्नोई यांचा उल्लेख करावा लागेल. तारांना धडकून मेलेल्या पक्ष्यांच्या नोंदी ठेवणे, उन्हाळ्यात पाणवठे भरणे आणि शिकाऱ्यांवर नजर ठेवणे हे काम ते सातत्याने करीत. मे २०२५ मध्ये शिकारीची खबर मिळाल्यावर निघाले असता रस्ते अपघातात त्यांचे निधन झाले. त्यांचे वय तिशीच्या आत होते.

जगातील अन्य अनुभव

विकास आणि एका पक्ष्याचे अस्तित्व यांच्यातील संघर्ष केवळ भारतापुरता नाही. दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील आफ्रिकी पेंग्विन ऑक्टोबर २०२४ मध्ये 'अतिसंकटग्रस्त' वर्गात गेला. त्याच्या वीण करणाऱ्या जोड्यांची संख्या दहा हजारांच्या खाली आली आहे. त्याचे अन्न असलेल्या सार्डिन आणि अँचोव्ही या माशांची व्यापारी मासेमारी हे तेथील वादाचे मूळ होते. पक्षिसंवर्धन संस्था न्यायालयात गेल्या आणि मार्च २०२५ मध्ये मासेमारी उद्योगाशी समझोता होऊन सहा प्रमुख वसाहतींभोवती मासेमारीबंदीची क्षेत्रे ठरवण्यात आली. संपूर्ण समुद्र बंद न करता, पक्ष्याला जेथे अन्न मिळते नेमके तेवढेच पाणी राखायचे, हा त्यामागील विचार आहे. राजस्थानातील प्राधान्यक्षेत्राचा विचारही याच स्वरूपाचा आहे.

ऑस्ट्रियाचे उदाहरण माळढोकच्या अधिक जवळचे आहे. तेथे माळढोकच्याच कुळातील 'ग्रेट बस्टर्ड' हा पक्षी तारांमुळे संकटात होता. त्याच्या वावराच्या क्षेत्रातील काही वाहिन्या भूमिगत करण्यात आल्या, उरलेल्यांवर ठळक खुणा लावण्यात आल्या आणि शेतकऱ्यांना मोबदला देऊन शेतीचे काही पट्टे पक्ष्यांसाठी राखण्यात आले. त्यानंतर तेथील पक्ष्यांची संख्या वाढत गेली. तारांचा प्रश्न सुटू शकतो आणि सुटल्यावर प्रजाती सावरू शकते, याचा हा पुरावा आहे. अर्थात ऑस्ट्रियातील क्षेत्र लहान होते आणि वाहिन्यांचा दाबही मर्यादित होता. राजस्थानात दोन्ही बाबतींत आव्हान मोठे आहे.

पुढील वाटचाल

डिसेंबर २०२५ च्या निकालाचे यश तीन कसोट्यांवर ठरेल. पहिली कसोटी अर्थातच तारांची. ठरवून दिलेल्या वाहिन्या मुदतीत भूमिगत झाल्या किंवा वळवल्या गेल्या का आणि त्यानंतर मृत पक्ष्यांची संख्या खरोखर घटली का, याची स्वतंत्र व सातत्यपूर्ण तपासणी व्हावी लागेल. तारांवर लावण्यात येणाऱ्या पक्षीरोधक चकत्यांच्या उपयुक्ततेविषयी मतभेद असल्याने ही तपासणी अधिकच आवश्यक आहे.

दुसरी कसोटी गवताची. माळरान म्हणजे ओसाड जमीन नव्हे, ती स्वतंत्र परिसंस्था आहे, हे महसूल आणि वन या दोन्ही खात्यांच्या व्यवहारात उतरावे लागेल. इंदिरा गांधी कालव्याच्या पाण्याने वाळवंटातील शेतीचे रूप पालटले, त्यातून हजारो कुटुंबांना स्थैर्य लाभले. ते पाणी मागे नेता येणार नाही. परंतु उरलेल्या गवताळ पट्ट्यांवर वृक्षलागवडीचे उद्दिष्ट पूर्ण करण्याचा मोह तरी टाळता येईल. झाडे लावणे सर्वत्र हितकारक असते, या समजुतीने माळढोकचे बरेच नुकसान केले आहे.

तिसरी कसोटी माणसांची. डेझर्ट नॅशनल पार्कच्या हद्दीत कितीतरी गावे आणि ढाण्या वसलेल्या आहेत. रस्ता, पाणी, वीज यांसाठी तेथील लोकांना वर्षानुवर्षे ताटकळावे लागले आहे. सोलापूरच्या शेतकऱ्यांनी जे अनुभवले, त्याची पुनरावृत्ती तेथे होऊ द्यायची नसेल, तर संरक्षणाचा खर्च गावांवर न टाकता तो ऊर्जा प्रकल्पांच्या आर्थिक हिशेबात धरावा लागेल. कंपन्यांच्या दायित्वाविषयी न्यायालयाने मांडलेली भूमिका या दृष्टीने महत्त्वाची आहे.

माळढोकच्या रक्षणासाठी लागणारे ज्ञान उपलब्ध आहे. मृत्यूचे प्रमुख कारण ठाऊक आहे, त्यावरील उपाय ठाऊक आहे, पिले वाढवण्याचे तंत्रही हाती आले आहे. १९८० मध्ये जयपूरच्या परिषदेत तज्ज्ञ एकत्र आले, तेव्हा यांतील फारच थोडे माहीत होते. मात्र त्या वेळी माळावर शेकडो पक्षी होते. ज्ञान वाढत गेले तसे पक्षी घटत गेले. न्यायालयाने घालून दिलेली दोन वर्षांची मुदत डिसेंबर २०२७ मध्ये संपते. माळढोकच्या एका मादीच्या आयुष्यात तेवढ्या काळात जेमतेम दोन विणीचे हंगाम येतात. दीडशेच्या आसपास उरलेल्या या प्रजातीसाठी त्यांतील प्रत्येक हंगाम निर्णायक ठरणार आहे.